आबांचा नंबर चौथा

सुरुवातीलाच सांगते, अमानवीय अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हे. वाचणाऱ्यांपैकी आहे... तेही जेवणानंतर, डोळा लागेपर्यंत, आणि बऱ्याचदा मनातल्या मनात हसत. आमच्या घरात देव्हारा नव्हता. वडील शाळामास्तर. सकाळी बुद्धवंदना, मग चहा, मग शाळा. कोणाच्या अंगात आलं, कोणाला काही दिसलं असं कोणी सांगायला लागलं की वडील शांतपणे विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का? मग पाहिलंस तेवढंच सांग." तीच सवय मला लागली. म्हणून मीही पाहिलं तेवढंच सांगणार आहे. अडचण एवढीच की या गोष्टीतला मुख्य भाग मी पाहिलेलाच नाही. तो ज्यांनी पाहिला त्यांनी मला सांगितला, आणि त्यांना खोटं बोलण्याचं काही कारण नव्हतं. अर्थ तुम्ही लावा. मी तीस-पस्तीस वर्षं लावून पाहिला, आता दमले.

गोष्ट १९८८ च्या आसपासची. धुळ्यात, देवपूर भागातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होते. नाव सांगत नाही, कारण त्यातली काही मंडळी अजून आहेत. माझं माहेर जळगावजवळ असोद्याचं. धुळ्यात एक खोली घेऊन एकटी राहायचे. वाचनालय म्हणजे दोन हॉल. एकात वर्तमानपत्रं, दुसऱ्यात लाकडी कपाटं आणि माझं काउंटर. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते आठ. गुरुवारी सुट्टी. पुस्तक द्यायची मीच, घ्यायची मीच, फाटलेलं चिकटवायची मीच. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हेही लक्षात ठेवा.

मी रुजू झाले तेव्हा तिथं सगळ्यात मोठी कटकट होती ती नंबर लावण्याची. एखादं पुस्तक बाहेर गेलेलं असलं की वाचक त्याच्यासाठी नंबर लावायचे. नावं एका रजिस्टरात, रजिस्टर ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरला कुलूप. वाचक विचारायचा, "माझा नंबर कधी?" उत्तर मिळायचं, "येईल." आपल्या पुढे किती जण आहेत, पुस्तकाच्या प्रती किती, ते सध्या कोणत्या तारखेपर्यंत बाहेर आहे, यातलं काहीच त्याला कळायचं नाही. मग आठ दिवसांनी तेच पुस्तक शेजाऱ्याच्या हातात दिसायचं आणि काउंटरवर भांडण. कधी शेजाऱ्याचा नंबर खरंच आधी असायचा, कधी तो कमिटीतल्या कोणाचा तरी माणूस असायचा. बाहेरून दोन्ही सारखंच दिसायचं.

रोज संध्याकाळी हे ऐकून ऐकून माझं डोकं दुखायला लागलं. म्हणून मी एक साधी गोष्ट केली. भिंतीवर एक मोठी पाटी लावली. ज्या पुस्तकाला नंबर लागलेत त्याचं एक कार्ड. कार्डावर पुस्तकाचं नाव, प्रती किती, परत येण्याची तारीख, आणि खाली नंबरवार नावं. शिवाय नंबर लावणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी – तुमच्या आधी इतके जण, पुस्तक मिळायला साधारण इतके आठवडे. नंबर पुढे सरकला की चिठ्ठी बदलून द्यायची. पहिले काही दिवस लोक परीक्षेचा निकाल बघावा तसे पाटीपुढे उभे राहायचे. भांडणं जवळजवळ थांबली. वाट पाहायला लोकांची ना नसते हो, फक्त किती पाहायची ते कळलं पाहिजे. एवढं एक मी त्या नोकरीत शिकले.

त्या दिवाळीनंतर आबा आले.

सत्तरीच्या पुढचे असतील. धोतर, टोपी, आणि बोलताना मध्येच छातीतून शिट्टीसारखा आवाज. उभं आयुष्य जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेलेलं. मूळ गाव साक्रीकडचं, आता देवपुरातच मुलीकडे राहत होते. वाचायला म्हातारपणी शिकले होते, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात, अक्षर अक्षर लावून. त्यांना एकच पुस्तक हवं होतं. खानदेशातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या एका मास्तरांनी गावोगाव फिरून, वहीत उतरवून घेतल्या होत्या, त्यांचा तो संग्रह. जुना, पुन्हा न छापलेला. आमच्याकडे एकच प्रत.

आबांच्या आईनं त्या मास्तरांना चार ओव्या सांगितल्या होत्या. खाली तिचं नाव छापलेलं आहे, असं गावातल्या कोणीतरी त्यांना अलीकडेच सांगितलं होतं. आई गेली तेव्हा आबा सात-आठ वर्षांचे.

"मले एकच ओळ याद शे, बाई," ते म्हणाले. "पुढलं बठ्ठं गयं." पुढचं सगळं विसरून गेले होते.

मी रजिस्टर पाहिलं. पुस्तक बाहेर होतं, आणि तीन जणांनी नंबर लावलेला होता. आबांचा नंबर चौथा. मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली – तुमच्या आधी तीन, साधारण आठ आठवडे. त्यांनी ती बोट ठेवून वाचली, दोनदा, आणि घडी करून टोपीत ठेवली. आठ आठवडे म्हणजे संक्रांत, असं स्वतःशीच म्हणाले आणि गेले.

पुस्तक होतं आमच्या सेक्रेटरींच्या मेहुण्याकडे. ते जळगावला प्रोफेसर, राहायला मेहरूणला. गणपतीत बहिणीकडे आले असताना पंधरा दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले होते. मी एक पोस्टकार्ड पाठवलं, मग दुसरं, मग तिसरं. उत्तर नाही. पाटीवरच्या कार्डावर परत येण्याची तारीख उलटून महिना झाला, दीड झाला. तारीख सगळ्यांना दिसत होती, आणि लोक विचारायला लागले. सेक्रेटरींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. कार्ड काढून टाका म्हणाले. मी म्हटलं, नंबर लागलेत, काढता येणार नाही. ते अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले की तसं असेल तर तारीख खोडा आणि 'पुस्तक बांधणीला दिले आहे' असं लिहा. आणि जाता जाता, तुमच्या कायम होण्याचा विषय पुढच्या बैठकीत आहे, असंही म्हणाले.

मी लिहिलं. माझ्या हातानं, माझ्याच पाटीवर. 'पुस्तक बांधणीला दिले आहे.'

त्यानंतर लोक शांत झाले, कारण पाटीवरचं खरं असतं अशी त्यांना सवय मीच लावली होती. आबा दर शनिवारी यायचे. नंबर लावलेल्यांपैकी एका गृहस्थांची बदली झाली, त्यांचं नाव कमी केलं, तेव्हा मी आबांना नवी चिठ्ठी दिली – आधी दोन. ते केवढे खूश झाले... संक्रांत गेली. शिट्टीचा आवाज वाढत चालला होता. देवपुरातल्या देवपुरात यायलाही त्यांना वाटेत दोनदा बसावं लागायचं. एकदा दुसरं कोणीतरी पाटीपुढे चिडून बोलत होतं की बांधणीला इतके महिने लागतात का, तर आबाच त्याला म्हणाले, "बाईनी लिखेल शे ना पाटीवर. मग व्हई."

मी खाली मान घालून शिक्के मारत राहिले. मला आजही त्या शनिवारची सगळ्यात जास्त लाज वाटते. नंतर जे घडलं ते विचित्र होतं, पण हे विचित्र नव्हतं... हे मी केलं होतं.

फेब्रुवारीत दोन शनिवार आबा आले नाहीत. मग एका बुधवारी संध्याकाळी त्यांची मुलगी आली. विमल तिचं नाव, घरी ब्लाउज शिवायची. आबांसोबत एक-दोनदा आलेली, म्हणून चेहऱ्यानं ओळखत होते. तिनं चिठ्ठी काउंटरवर ठेवली. आबांना सरकारी दवाखान्यात ठेवलंय, छातीत पाणी झालंय, डॉक्टर काही नीट सांगत नाहीत, पण तिला समजायचं ते समजलंय, असं ती म्हणाली. रडली वगैरे नाही. रात्रंदिवस दवाखान्यात बसून माणूस जसा कोरडा होतो तशी झाली होती. मग म्हणाली, "ताई, खरं सांगा. नंबर लागंल का? आबा सारखं विचारतात, मला काय सांगावं कळत नाही."

मी तिला खरं सांगितलं नाही. थोडं थांबा, एवढंच म्हटलं. पण त्याच संध्याकाळी मी आधीच्या दोघांना भेटले. एक शिक्षक होते, त्यांना रेडिओवरच्या कार्यक्रमासाठी पुस्तक हवं होतं. ते मला माझं वाक्यही पुरं करू देईनात, आधी आबांना द्या म्हणाले. दुसरी कॉलेजची मुलगी, वर्तमानपत्रांच्या हॉलमध्येच बसलेली होती. तीही लगेच हो म्हणाली. मी कार्डावरची दोन्ही नावं खाली घेतली. आबांचा नंबर पहिला झाला. दोन मिनिटांचं काम होतं. फक्त पुस्तक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, सुट्टी. मी सकाळी सातची जळगाव एस.टी. पकडली. निळी साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि पेन्सिल-वही. हे मुद्दाम सांगते आहे. पारोळा, एरंडोल करत दहाच्या सुमाराला जळगावला उतरले आणि रिक्षानं मेहरूणला गेले. प्रोफेसरांचं घर तलावाच्या अलीकडे, नवं बांधलेलं. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. बाई स्वभावानं चांगल्या होत्या. सर पेपर तपासायला पुण्याला गेलेत, मंगळवारी येतील, म्हणाल्या. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी मला पुस्तकांच्या खोलीत नेलं.

भिंतीला लागून काचेचं कपाट होतं, आणि त्यात वरून दुसऱ्या फळीवर ते पुस्तक. मी लगेच ओळखलं. पाठीवर आमच्या वाचनालयाची चिकटपट्टी, तिच्यावर माझ्याच हातानं लिहिलेला नंबर. माझ्यापासून हातभर अंतरावर. कपाटाला कुलूप, आणि किल्ली सरांच्या जुडग्यात, पुण्याला.

मी त्यांना आबांबद्दल सांगितलं. कुठं दुसरी किल्ली आहे का, विचारलं. त्यांनी खरंच शोधली. टेबलाचे खण उपसले, देवघरातला डबा पाहिला. नाही सापडली. काच फोडा असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार... त्यांनी चहा केला. मी चहा घेतला, काचेवर क्षणभर हात टेकला आणि निघाले. उपाशीच होते, पण भूक नव्हती. दोनची धुळे गाडी मिळाली.

एरंडोल सोडल्याचं मला आठवतं. बस-स्टँडवर केळीवाल्या खिडकीशी आल्या होत्या. त्यानंतरचं काही आठवत नाही. मी झोपले. साधी झोप नव्हे, कोणीतरी मला उचलून बाजूला ठेवावं तशी. स्वप्न पडलं नाही. जाग आली ती धुळ्याच्या स्टँडवर, कंडक्टर सीटवर थापा मारत होता तेव्हा. गाडी रिकामी झाली होती. पाच वाजायला आले होते. घसा पूर्ण बसला होता. कंडक्टरला काहीतरी म्हणायला गेले तर आवाज फुटेना. धूळ गेली असेल, असं तेव्हा वाटलं.

खरं तर तिथून दवाखाना दूर नव्हता. जायला हवं होतं. पण हात हलवत जाऊन त्या माणसाला काय सांगायचं? बांधणी झाली नाही? मी घरी गेले आणि तशीच आडवी झाले.

शुक्रवारी सकाळी वाचनालय उघडलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे ते कार्ड काढलं. नवीन लिहिलं – 'पुस्तक बांधणीला नाही. एका वाचकाकडे आहे. परत करण्याची मुदत उलटून पाच महिने झाले.' कोणाचं नाव लिहिलं नाही. तरी दुपारपर्यंत सेक्रेटरींना कळलं आणि संध्याकाळी ते चार लोकांदेखत मला बोलले. कायम होण्याचा विषय पुढे गेला. पुढे दोन वर्षं पुढेच जात राहिला. पण पाटीपुढे उभे असलेले लोक त्या दिवशी हलले नाहीत. त्यांनी नुसतं कार्ड वाचलं आणि सेक्रेटरींकडे पाहिलं. पुस्तक पुढच्या शनिवारी सेक्रेटरींच्या घरून निमूटपणे काउंटरवर आलं. तीन महिन्यांपूर्वी मी एवढंच लिहिलं असतं, तर आबांनी ते पुस्तक संक्रांतीला स्वतः बोट ठेवून वाचलं असतं. याला काही अमानवीय लागत नाही.

आता ती गोष्ट.

पुस्तक यायच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे मी कार्ड बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी विमल आली. आबा शुक्रवारी पहाटे गेले होते. घरात सुतक, तरी ती आली होती. मी काही बोलायच्या आत तिनं काउंटरवरून माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुम्ही आलात म्हणून झालं हो," ती म्हणाली. "नाहीतर त्यांचा जीव अडकून राहिला असता."

मला वाटलं, जागरणानं तिची काहीतरी गल्लत होते आहे. पण ती पुढे सांगत गेली आणि मी ऐकत गेले. गुरुवारी दुपारी भेटायची वेळ सुरू झाली, त्यानंतर साडेतीनच्या सुमाराला मी वॉर्डात आले होते. निळ्या साडीत. खांद्याची पिशवी मी खाटेच्या दांडीला अडकवली, स्टूल ओढून बसले, आणि पिशवीतून पुस्तक काढून आबांना दाखवलं. फारसं बोलले नाही. आबांनी आईचं नाव असलेलं पान काढायला लावलं, त्या नावावरून बोट फिरवलं, आणि मग मी चारही ओव्या वाचल्या. त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी आबा डोळे मिटून माझ्याबरोबर म्हणत होते.

एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. छापलेली ओळ होती – 'मन्हा भाऊ दूर गावले, वाट पाहते दारम्हा.' आबा म्हणाले, "पाहते नही. दखस. मन्ही माय दखस म्हने." तर मी, म्हणजे त्या बाईनं, पिशवीतून पेन्सिल काढली आणि पुस्तकातच दुरुस्त करून घेतलं. विमलला त्याचं विशेष वाटलं होतं, की ग्रंथपाल असून तुम्ही पुस्तकात लिहिलंत. निघताना मी आबांच्या कपाळावर हात ठेवला, आणि पाच वाजायच्या आत गेले.

साडेतीनला माझी गाडी पारोळ्याच्या आसपास असणार. पुस्तक मेहरूणला, काचेच्या आत.

मी हे तिला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती चार दिवस झोपलेली नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं होतं. ती गेल्यावर रजिस्टर उघडून बसले, तर समोरची अक्षरं लागेनात.

मी आधी साधी कारणं शोधली. मी तशीच आहे. त्या कॉलेजच्या मुलीला विचारलं, तू गेली होतीस का? नाही. दुसऱ्या वाचनालयांत विचारलं, कोणाकडे दुसरी प्रत नाही. मग दवाखान्यात गेले. वॉर्डातल्या नर्सबाईंनी मला पाहिल्याबरोबर ओळखलं. म्हणाल्या, तुम्हीच ना त्या दिवशी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवत होतात, मी तुम्हाला हळू वाचा म्हणून सांगायला आले होते. मी त्या वॉर्डात त्याआधी कधी पाय ठेवलेला नव्हता.

पुस्तक परत आलं तेव्हा मी ते काउंटरवर उघडलं नाही. लोक जाऊ दिले. मग आईचं नाव असलेलं पान काढलं. चौथी ओवी, दुसरी ओळ. 'पाहते' या शब्दाखाली पेन्सिलची बारीक रेघ, आणि समासात लिहिलेलं – 'दखस'. अक्षर माझं. मी ख जरा तुटक काढते, वडील त्यावरून नेहमी बोलायचे. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती, आणि मी ती घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते पान मी त्याआधी वाचलेलं नव्हतं. आमच्या असोद्याकडची बोली वेगळी, हा शब्द माझ्या तोंडातला नव्हे. आणि वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल लावणं मला तेव्हाही पाप वाटायचं, आजही वाटतं.

मी प्रोफेसरांच्या पत्नीला पत्र पाठवलं. किल्ली नंतर सापडली का, एवढंच विचारलं. त्यांचं कार्ड आलं. नाही, सर मंगळवारी आले तेव्हाच कपाट उघडलं, तोपर्यंत पुस्तक तिथंच होतं, मी रोज केर काढताना पाहत होते. तुमचे ते पेशंट कसे आहेत, असंही खाली लिहिलं होतं.

पुस्तक मी शिक्षकांना दिलं, मग त्या मुलीला. पाटी चालू ठेवली. त्यानंतर तिच्यावर एकही खोटं अक्षर लिहिलं नाही. पुस्तक हरवलं असेल तर 'हरवले आहे' लिहिलं, कधी मिळेल माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहिलं. लोक तेही समजून घ्यायचे.

विमलला खरं सांगायला मला सहा-सात वर्षं लागली. ती मुलीला वाचनालयाची सभासद करायला आली होती. मुलगी पाचवीत. फॉर्म भरून झाला, मुलगी कपाटांकडे पळाली, आणि विमल नेहमीसारखी म्हणाली की ताई, तुमचे उपकार... त्या दिवशी मला ते पेलवेना. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. बांधणीचं खोटं, मेहरूणचं कपाट, एस.टी.तली झोप, सगळं. मी आले नव्हते विमल, म्हटलं. मी स्टँडवरून सरळ घरी गेले होते. तुझ्या आबांना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

ती रागावेल असं वाटलं होतं. किंवा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. पण ती हातातल्या फॉर्मच्या पावतीची घडी घालत राहिली. बांधणीबद्दल तिनं एक शब्दही काढला नाही. तुम्ही नव्हता हे नक्की का, एवढं एकदा विचारलं. मी म्हटलं, नक्की.

"म्हणजे त्या बाईंचे आभार मानायचे राहूनच गेले," विमल म्हणाली.

मुलगी एक पुस्तक घेऊन आली. मी नोंद केली, शिक्का मारला, तारीख सांगितली. दोघी गेल्या. मी निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, वडील नाहीत, त्या वॉर्डातलं कोणी माझ्या ओळखीचं राहिलं नाही. विमलचे ते आभार अजून माझ्याकडेच आहेत, आणि ते कोणाला पोचवायचे हे मला आजही माहीत नाही.